मर्यादित

रंगारी पाटीवरचा शेवटचा शब्द रंगवत होता
तेव्हा मी खाली शिडी धरून उभी होते.
'र्या'ला ओघळ आला,
त्याने तो लुंगीच्या टोकाने पुसला.

हा शब्द मला जन्मापासून ओळखतो.
मर्यादेत हस. मर्यादेत बस.
लिलावात बाईमाणसाने मर्यादेत बोली बोलावी.
कुडाळच्या सीएने मात्र टेबलावर पेन आडवं ठेवलं
आणि म्हणाला, ह्या बाजूला धंद्याचं देणं,
त्या बाजूला तुमची चूल, तुमच्या पाटल्या.
बुडालं तर इथपर्यंत बुडेल.

मी पेनाकडे बघत राहिले.
सासऱ्यांचा ट्रॉलर भागीत होता.
भागीदार एका रात्रीत गोव्याला गेला,
देणं आमच्या ओटीवर येऊन बसलं.
माझ्या कुड्या गेल्या. तांब्याचा हंडा गेला.
त्या हंड्याने कधी समुद्र पाहिला नव्हता.

नोंदणीकृत कार्यालय, म्हणजे आमची पडवी,
देवबाग, तालुका मालवण.
घरपट्टीवर अकरा नावं: चार वारलेली,
तीन भांडुपला, एक मस्कतला, बाकीची आपसात अबोला धरून.
गणपतीत सगळे आले.
आरतीनंतर मोदकांच्या ताटामागून
मी ना-हरकतीचा कागद फिरवला.
थोरल्या दिरांनी सही करून विचारलं,
"कंपनी? तुझी एकटीची?"

एकटीचीच. कायदा तसं म्हणतो आता.
फक्त एक रकाना अडून बसला:
तुमच्या पश्चात कोण?
पुण्याला मुलगा आहे.
मी रेजिना फर्नांडिस लिहिलं,
एकोणीस वर्षं माझ्यासमोर बसून कोळंबी सोलणारी.
ती म्हणाली, "तू मरा नको, मगे करतंय सही."
हात धुतले तिने, तरी कागदाला वास राहिला.
मुलाला फोनवर सांगितलं.
तो थोडा वेळ गप्प होता,
मग विचारलं, तिकडे वारा कसा आहे.

अठराव्या दिवशी कंपनी जन्मली.
तिला देह नाही, पॅन कार्ड आहे.
तिला सोयर नाही, सुतक नाही,
कोणाच्या बारशाला गेली नाही म्हणून कोणी रुसत नाही.
रात्री सोडे पाखडून झाले की आमची सभा भरते.
उपस्थित: मी.
ठराव: सुकवायचं यंत्र घ्यावं.
खाली तारीख, सही.
लग्न झाल्यापासून ह्या घरात
बिनविरोध मंजूर झालेली माझी ही पहिली गोष्ट.

आठ जणींचा पगार आता खात्यात जातो.
सुनंदा मेथरने पहिल्याच महिन्यात
पासबुक उशीखाली ठेवून झोपल्याचं सांगितलं,
नवऱ्याला वाचता येतं म्हणून.

मग यंत्राच्या कर्जासाठी बँकेत गेले.
मॅनेजर सज्जन. चहा मागवला. पाटीचा फोटोही बघितला.
म्हणाला, कंपनी ठीक आहे, बाई,
पण हमी तुमची वैयक्तिक लागेल.
घर, दागिने, इथे, आणि इथे.

म्हणजे कायद्याने भिंत बांधली
आणि बँकेने तिला दार पाडलं.
मी चहा संपवला. कागद घडी करून आणला.

सध्या तो वजनकाट्याखाली आहे.
ऊन असेल त्या दिवशी सोडे गच्चीवर सुकतात,
नसेल त्या दिवशी आम्ही आभाळाशी भांडतो.
माल कोल्हापूरपर्यंत जातो, तो ह्या यंत्राशिवायच.

काल भंडारवाड्यातली नयना आली.
आंबोळीच्या पिठाचा धंदा करते, उधारीवर.
इकडचं तिकडचं बोलली, उठली, दारात थांबली.
"ता पेन आडवा ठेवतत," म्हणाली,
"ता नेमका खय ठेवूचा असता?"

मी काटा सरकवला, हमीचा कागद काढला,
त्याची कोरी बाजू वर केली
आणि तिच्यापुढे पेन ठेवलं.